काठीला हात लावायचा नाही

अहो, तुमचा जन्म कुठे झाला, शिक्षण किती, नोकरी कुठल्या कचेरीत, पश्चात कोण कोण, हे मी लिहिणार नाही. कलकत्त्याच्या मराठी मंडळाच्या चिटणिसांनी श्रद्धांजलीच्या अंकासाठी तेवढंच मागितलं होतं. "वहिनी, चार ओळी द्या, बाकीचं आम्ही बघून घेतो." मी म्हटलं, बाकीचंच तर माझ्याजवळ आहे, ते तुम्ही काय बघणार? चार ओळी तुम्ही लिहा, बाकीचं मी लिहिते. बिचारे चहा न घेताच उठले. तुम्ही असतात तर त्यांना जिन्यापर्यंत पोचवून आला असतात आणि मला म्हणाला असतात, "भला माणूस आहे गं, कशाला टोचलंस?"

टोचलं. सध्या मी सगळ्यांनाच टोचते. त्याला कारण आहे, ते तुम्हाला सांगायला बसले आहे.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी वन्सं त्या कोपऱ्यापाशी उभ्या राहिल्या. तुमच्या गळाच्या दोन्ही काठ्या तिथेच होत्या, जुन्या धोतराच्या पट्टीत गुंडाळलेल्या, पितळी चाकांना तेल लावून ठेवलेलं. वन्संनी पट्टीला हात लावला, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "शालन, ह्या कुणाला तरी देऊन टाकू. रोज बघून जीव तुटेल तुझा."

"माझ्या आहेत, वन्सं."

"तुझ्या कशा? तो जायचा ना मासे धरायला."

"आम्ही जायचो."

"तू डबा घेऊन जायचीस गं."

वाईट मनाने म्हणाल्या नाहीत. लहान भाऊ गेलेली बाई, पुण्याहून दोन रात्रींचा प्रवास करून आलेली, तिच्या मनात काय वाईट असणार. पण लागलं. कारण त्यात थोडं खरं होतं, आणि ते थोडं खरं तुमच्यामुळे होतं.

दहाव्याला घाटावर कावळा शिवला नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल, नाहीतर कुणाला असणार. भाच्याने पिंड ठेवला. बागबाजारच्या घाटावर एरवी कावळ्यांना तोटा नसतो, त्या दिवशी समोरच्या गलबतावर रांगेने बसून होते आणि एकही खाली येईना. वन्संनी हात जोडून सगळी वचनं दिली. शालनला अंतर देणार नाही, वर्षश्राद्ध नीट करू, तुझं कपाट कुणी उचकणार नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. परत येताना वन्सं म्हणाल्या, "काहीतरी राहिलंय त्याच्या मनात."

मी म्हटलं, "राहिलं असेल तर माझ्या मनात राहिलंय. त्यांचं बोलून झालं होतं."

---

आता काकीमांचं ऐका. तुम्ही गेलात त्या दिवसापासून वरच्या मजल्यावरून माझं जेवण येतं. घरमालकीण म्हणून नाही, आई म्हणून आणतात. बौमा, सूनबाई, म्हणूनच हाक मारतात मला. आतप, म्हणजे न उकडलेल्या तांदळाचा भात, उकडलेलं कच्चं केळं, वर तुपाची धार. सुतकात खाल्लं. तेराव्यानंतरही तेच आलं. मी म्हटलं, "काकीमा, आता मी करेन माझं. बाजारात जाऊन येते, बऱ्याच दिवसांत मासे नाहीत घरात."

त्या ताट हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मग हळू म्हणाल्या, "बौमा, ते आता नाही. मासे-मटण, सगळं आमिष संपलं तुझं."

तुम्हाला आठवतं, ह्याच काकीमा सणाला आपल्याकडे मासे पाठवायच्या, स्वतः हात न लावता, मोलकरणीकडून. एकोणिसाव्या वर्षी कपाळ पुसलं गेलं त्यांचं. तेव्हापासून चूलसुद्धा वेगळी. आणि माझ्यासाठीही त्यांनी तसली एक छोटी चूल जिन्याखालून काढून घासूनपुसून ठेवली होती. नवी माती लिंपून. अहो, माया करायची म्हणून केलेली गोष्ट इतकी भयंकर असू शकते, हे मला त्या ओल्या चुलीकडे बघून कळलं.

मी म्हटलं, "आमच्या खाडीवर नवरा गेला म्हणून कुणी मासे सोडत नाही. माझी आजी विधवाच होती, रोज बांगडा लागायचा तिला."

"तुझी खाडी तिकडे. राहतेस तू ह्या गल्लीत."

बघा म्हणजे. आपल्या लोकांचे नियम वन्सं घेऊन आल्या, गल्लीचे काकीमांनी आणले. दोन मुलखांतल्या बायकांनी जे जे सोडायचं असतं ते सगळं माझ्या एकटीच्या पदरात. कुंकू तिकडच्या रीतीने जायचं आणि मासे इकडच्या. मी मनाशी ठरवलं, कुंकवाचं काय ते माझं मी बघेन. मासे सोडणार नाही. खायचे सोडणार नाही आणि धरायचे तर मुळीच नाही.

---

धरायचे. इथेच आपलं अडलंय ना?

लग्न होऊन आले तेव्हा मला तुमचा तो रोहू बिलकूल आवडला नव्हता. खाडीच्या पाण्यावर वाढलेली मी. तुम्ही कौतुकाने पहिला तुकडा वाढलात आणि मी म्हटलं, "चिखलाची चव आहे." तुम्ही इथेच जन्मलात, तुमच्या मराठीतही भातात डाळ कालवावी तसं बंगाली कालवलेलं. म्हणालात, "चिखल नाही, पुकुरची, तळ्याची चव आहे. पुकुर न बघता बोलू नकोस." आणि पुढच्याच रविवारी शामबाजारहून बस धरून बराकपूरच्या अलीकडे चौधरींच्या दिघीवर घेऊन गेलात. एवढं मोठं तळं, काठाने बांबूची मचाणं, प्रत्येक मचाणावर एक बाबू, आणि सगळे देवळात बसावेत तसे गप्प. मी म्हटलं, हे मासे धरतात की मौनव्रत?

बायको बरोबर आणणारे तुम्ही एकटेच. हालदारबाबू, ते दिघीचे मॅनेजर, पहिल्या दिवशी मला बघून म्हणाले होते, "दादा, पिकनिक नाकी? सहलीला आलात काय?" आणि पलीकडच्या मचाणावरचे म्हातारे विश्वासबाबू ओरडले, "बर्गी आले रे, बायकोला घेऊन आले! आपापले मासे सांभाळा!" दोनशे वर्षांपूर्वी मराठे स्वार बंगाल लुटायला आले, त्यांना इथे बर्गी म्हणतात. त्यांना अडवायचा खंदक आपल्या बागबाजारापासूनच सुरू होत होता, आणि त्याच जागी भाड्याने राहणारा मराठी माणूस गळ घेऊन येतो, ह्याची त्यांना कोण गंमत! तुम्ही छत्री तलवारीसारखी उगारलीत. सगळी दिघी हसली. मग पुन्हा मौन.

आणि ते चार! माशांना मचाणापाशी बोलवायचं म्हणून पाण्यात टाकायचा तो लगदा. भाजलेली मेथी, मोहरीची पेंड, आंबवलेला भात, तूप, आणि कसल्या कसल्या मुळ्या, ज्यांची नावं तुम्ही मलासुद्धा सांगायचा नाहीत. शुक्रवारपासून घरात वास. गळाला लावायला लाल मुंग्यांची अंडी, ती माझ्या लोणच्याच्या बरणीत. एकदा झाकण सैल राहिलं आणि अंड्यांबरोबर आलेल्या मुंग्या रात्रभर अंथरुणात. तुम्ही काय म्हणालात? "बघ, जिवंत आहेत, म्हणजे माल ताजा आहे." मी तुम्हाला त्या वेळी मारलं नाही, हे माझे उपकार समजा.

पण माझी बी.ए. तुमच्या त्याच मचाणावर झाली, हेही लिहून ठेवते. तुम्ही मॅट्रिक आणि नकाशे काढायचा डिप्लोमा. माझ्या बापाला सही येत नव्हती. मी बाहेरून परीक्षेला बसणार म्हटल्यावर मंडळातल्या बायकांनी विचारलं, मूलबाळ नाही म्हणून वेळ जात नाही का गं? तुम्ही एक लाकडी फळी आणलीत, मचाणाच्या मागच्या बाजूला खिळ्यांनी ठोकलीत, वर माझी पुस्तकं ठेवलीत. "तू वाच. मी गप्पच असतो. इथे सगळेच गप्प असतात. एवढी शांत लायब्ररी कलकत्त्यात सापडायची नाही." त्या दिवसांत शहरात बॉम्ब फुटत होते, संध्याकाळी दारं लागत होती, दिवे जात होते. रविवारी मात्र मी पाण्याकाठी बसून वाचत होते. माझ्या इतिहासाच्या पुस्तकाला अजून मेथीचा वास येतो. निकाल लागला तेव्हा तुम्ही दिघीवर मचाणा-मचाणावर जाऊन सांगितलंत, "माझी बायको ग्रॅज्युएट झाली. त्यांच्या घरात पहिली." मागाहून शाळेत नोकरी लागली, पण त्या दिवशीची ती फेरी मला नोकरीहून मोठी वाटते. तुम्हाला हे कधी बोलले नाही. कधी बोलणार, दर वेळी आपलं भांडण मध्ये यायचं.

वाचता वाचता माझी नजर पाण्यावर जायची. तो तरंगता मोरपिसाचा फातना. पाण्यात बुडबुडे कसे येतात ते मी बघायची. बारीक बारीक आले तर मृगळ, झुपक्याने आले तर रोहू. रोहू फातना सरळ ओढून नेतो. कातला असेल तर फातना आधी वर उचलला जातो, आडवा होतो, आणि मग गायब. हे मला तुम्ही शिकवलं नाहीत. मी बघितलं. तुमच्याआधी मला दिसायचं, हे तुम्ही मान्यही करायचात. "नजर तुझी," म्हणायचात, "पण हात माझा. मासा खेळवणं हे हाताचं काम."

---

तर तो रविवार.

दुर्गापूजा होऊन गेली होती. पाणी निवळलं होतं. तुम्ही चहा आणायला टपरीवर गेलात आणि मला म्हणालात, "काठीकडे बघ जरा." मी बघत होते. फातना उचलला गेला. आडवा झाला. मी पुस्तक टाकलं, काठी घेतली आणि झटका दिला.

पुढचं तुम्ही शंभर ठिकाणी सांगितलंत, तुमच्या पद्धतीने. आज माझ्या पद्धतीने ऐका.

चाक ओरडलं. दोरी अशी गेली की बोट कापलं. मी धरून ठेवलं नाही. सोडली. बापाबरोबर खाडीत गरवायला जायची लहानपणी. साधी गरी, ना काठी ना चाक, पण मोठा मासा लागला की आबा एवढंच म्हणायचा, त्याला वाटू दे की तो सुटला. मी दोरी सोडत गेले, तो थांबला की गुंडाळत गेले, पुन्हा गेला की पुन्हा सोडली. मध्यावर एकदा वर आला. पाठ दिसली, जेवायच्या पाटाएवढी, काळी. सगळी दिघी उभी राहिली होती. मौन-बिन सगळं गेलं. सगळ्यांची बौदि, म्हणजे वहिनी, मी; विश्वासबाबू ओरडत होते, "बौदि, सोडा, सोडा, तसंच!" तो दमत आला होता, अहो. तो येत होता.

आणि तुम्ही धावत आलात. चहा सांडला होता सगळ्या हातावर. "दे! दे! इकडे दे!" मी म्हटलं, थांबा. तुम्ही थांबला नाहीत. माझ्या मुठीतून काठी ओढून घेतलीत. त्या ओढाओढीत दोरी ढिली पडली, मग तुम्ही एकदम चाकावर अंगठा दाबलात. एक बारीक आवाज आला. बस, एवढंच. काठी सरळ झाली.

 शामबाजारला उतरल्यावर तुम्ही म्हणालात, "दोरी फार सोडली होतीस तू. कुठेतरी खाली घासली असणार."

त्या क्षणी मी तुम्हाला ट्रामखाली ढकलायचं बाकी ठेवलं.

मग ते चालूच राहिलं. भाजीत मीठ जास्त झालं तरी तो कातला निघायचा. कुणी पाहुणा आला की तुमचा किस्सा तयार. "आमच्या हिने हातातला घालवला." सगळे हसायचे. मी हसले नाही, एकदाही नाही. तुमच्या ते लक्षात होतं, म्हणूनच तुम्ही सांगताना माझ्याकडे बघायचा नाहीत.

शेवटच्या रविवारी तुम्हाला बरं वाटत नव्हतं. तरी आलात. चार टाकलंत आणि म्हणालात, "आज काठी तू धर, मी जरा पडतो." इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मचाणावर डोक्याखाली पिशवी घेऊन आडवे झालात, तोंडावर छत्री. मी दिवसभर काठी धरून बसले. पाणी मेल्यासारखं होतं. एक बुडबुडा नाही. निघताना तुम्ही छत्री बाजूला करून हसलात. "बघ. म्हटलं नव्हतं? तुझ्या हाताला मासा येत नाही."

मी तोंड उघडलं तेवढ्यात बस आली. आणि बसमध्ये तुम्हाला झोप लागली.

पुढचा रविवार आपल्याला मिळाला नाही. तुमचं बोलून झालं होतं. उत्तर माझ्याकडे राहिलं.

---

काल रविवार होता. वन्सं परवाच्या गाडीने गेल्या, जाताना काठ्यांकडे बघितलं आणि त्या होत्या तिथेच राहू दिल्या. हे त्यांचं मोठेपण. शुक्रवारी मी चार केलं. मुळ्यांची नावं ठाऊक नव्हती, पण वास ठाऊक होता. बाजारात वास घेत घेत आणल्या. सकाळी काठी घेऊन जिना उतरले तेव्हा काकीमा वरच्या कठड्यापाशी होत्या. मी म्हटलं, "येते." त्यांनी "ये" म्हटलं नाही, पण दाराशी आल्या आणि मी वळेपर्यंत उभ्या होत्या.

दिघीवर रिकाम्या मचाणांच्या चिठ्ठ्या काढायला सगळे जमले होते; तुमचंही आता त्यांतच होतं. मला बघून त्यांनी टोप्या काढल्या. विश्वासबाबू रडले. हालदारबाबूंना वाटलं, मी तुमचं काही राहिलेलं सामान न्यायला आले. मी म्हटलं, "मी बसायला आले आहे."

"बौदि, आपण? इथे बायकांना कधी... आणि ह्या अशा वेळी..."

"बायकांना मनाई आहे असं कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही."

"मग चिठ्ठ्यांचा डबा पुढे करा."

ते इकडेतिकडे बघू लागले. तेव्हा विश्वासबाबूंनी डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि त्याच जुन्या आवाजात म्हणाले, "अरे द्या तिला चिठ्ठी! बर्गीला कुणी विचारून आत घेतलं होतं काय?"

हसले सगळे. मीसुद्धा. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

चिठ्ठीत तुमचं मचाण आलं नाही. ते दुसऱ्याच कुणाला गेलं. मला मिळालं उन्हातलं, पायऱ्यांच्या बाजूचं, जिथे धुणं धुतात आणि मासे येत नाहीत असं तुम्ही कायम म्हणायचात. बसले. वर छत्री तुमचीच. सकाळ गेली. डबा उघडला, बंद केला. दुपारी झुपक्याने बुडबुडे आले.

फातना सरळ गेला. झटका दिला आणि काठी वाकली.

खरं सांगते, पहिल्या ओढीला मी मागे वळले. सवयीने. तुम्ही "दे" म्हणणार म्हणून. मागे फक्त पिशवी होती. तेवढ्या वेळात त्याने बरीच दोरी नेली होती. मग मी पाण्याकडे तोंड केलं आणि सोडली. सोडत राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं त्यामुळे नीट दिसत नव्हतं, पण दिसायची गरज नव्हती, हाताला कळत होतं. थांबला, गुंडाळली. गेला, सोडली. हात भरून आले. पायऱ्यांपाशी त्याने शेवटची उसळी घेतली तेव्हा शेजारच्या मचाणावरचा एक दांडगा बाबू जाळी घेऊन धावला. चांगल्या मनाने धावला. आणि जाळी एका हातात धरून दुसरा हात त्याने माझ्या काठीकडे नेला. "द्या बौदि, द्या, इकडे द्या!"

मी ओरडले. अहो, मी अशी ओरडले की धुणाऱ्या बायका थांबल्या.

"जाळी धरा! काठीला हात लावायचा नाही!"

तो मागे सरला. त्याने जाळी धरली. मी मासा जाळीत आणला.

कातला नव्हता, तुम्हाला खोटं सांगून काय उपयोग. रोहू होता. पण दोन हातांनी उचलावा लागला असा, लाल कल्ल्यांचा, चिडलेला.

घरी आले तेव्हा उजेड होता. मासा पिशवीत मावत नव्हता, शेपूट बाहेर. गल्लीने बघितलं. बघू दे. चौकात विळी मांडून बसले. मोठा मासा नेहमी तुम्ही कापायचात. मी शेपटीकडून सुरुवात केली, तोच वरून आवाज आला, "तसा नाही, बौमा. आधी डोकं. कल्ल्यामागून तिरका धर." काकीमा कठड्यावर वाकलेल्या. हळूहळू जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत आल्या. त्याच्या खाली उतरल्या नाहीत. मासा दिसेल पण शिवला जाणार नाही अशा बेताने पदर आवरून बसल्या आणि एकेक तुकडा सांगत गेल्या. पोटाचा वेगळा, पाठीचा वेगळा, मुडो, म्हणजे डोकं, अखंड. इतक्या वर्षांत त्यांनी माशाला हात लावलेला नाही आणि एकही काप चुकीचा सांगितला नाही.

मी विचारलं, "काकीमा, तुम्हाला...?"

"नको," त्या म्हणाल्या. "माझं सुटलं ते सुटलं." मग उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून. वर जाता जाता थांबल्या. "मोहरीत करशील ना? मग स्वयंपाकघराची खिडकी लावू नकोस. माझ्या खिडकीखालीच येते ती."

मोहरीत केला. खिडकी सताड उघडी ठेवली. ती लिंपलेली चूल जिन्याखाली परत नेऊन ठेवली. काकीमांनी ते वरून बघितलं.

तुमचं पान वाढलं नाही. ते तेराव्याला वाढून झालं, गोडाचं, जे तुम्हाला कधी आवडलं नाही. माशाचं डोकं आजवर तुमच्या ताटात जायचं, मी शेपटीकडची. काल डोकं मी घेतलं. एकटीने बसून, काटा न् काटा चोखून, सगळं खाल्लं.

चिखलाची चव होती, थोडी. मी अजून तेच म्हणेन.

आणि त्या दिवशी दोरी मी जास्त सोडली नव्हती. तेवढीच सोडायची असते. काल तेवढीच सोडली आणि मासा आला.

बोला आता.